नवी नळी

परवा रायफल क्लबात एक मुलगी रिव्हॉल्व्हरची नळी मायेनं पुसत होती. ते पाहून बाबा आठवले.

त्यांच्या रिव्हॉल्व्हरची नळी झिजली होती. गोळ्या इकडेतिकडे फाकायच्या. दरवर्षी क्लबच्या स्पर्धेत हरले, की ते नळीलाच बोल लावायचे. शेवटी मीच हट्टानं त्यांना कोल्हापूरच्या एका बंदूकवाल्या मिस्त्रींकडे नेलं. मिस्त्रींनी नवी नळी बसवली. क्लबात येऊन बाबांनी नेम धरला आणि पाचही गोळ्या पुरीएवढ्या जागेत बसल्या. मी टाळ्या वाजवल्या. बाबा मात्र नव्या नळीकडेच बघत राहिले.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. आता चुकलो, तर मीच चुकलो."

त्या वर्षीही ते हरले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, सत्तरीला टेकलेले बाबा आयुष्यात पहिल्यांदाच सरावाला निघाले.