बगदादला जायची परवानगी

आज जे लिहितेय ते मी ह्यांना कधी सांगितलं नाही, मुलाला सांगितलं नाही, आणि — खरं सांगू? — देवापुढे हात जोडतानासुद्धा गोलमोलच बोलले. तुम्ही ऐका. फक्त मध्ये काही विचारू नका, नाहीतर मी विषय बदलीन. ती कला मला फार चांगली जमते.

मी सरकारी नोकरीतली बाई. दिल्लीत एका मंत्रालयात बत्तीस वर्षं कारकुनी केली — मंत्री आले नि गेले, माझं टेबल तिथंच. हे, म्हणजे माझे यजमान, सिव्हिल इंजिनियर. पुष्कळ जण तेव्हा इराकला जात, तसे हेही एका बांधकाम कंपनीतर्फे बगदादजवळ कामाला गेले, आणि थोड्याच महिन्यांत तिकडे इराणशी लढाई सुरू झाली. कंपनीचं काम काही बंद पडलं नाही, त्यामुळे हेही तिथेच राहिले. इकडे करोल बागेजवळच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी आणि सहा वर्षांचा अभय.

चौदा महिने झाले आणि ह्यांचं पत्र आलं — मे महिन्याच्या सुट्टीत महिनाभर ये. तिकडे पत्रं उघडून वाचत. मराठी पत्र महिना महिना अडकून पडायचं, म्हणून हे इंग्रजीत लिहीत. आणि ह्यांचं इंग्रजी म्हणजे काय सांगू, बायकोलाही 'काइंडली अरेंज टू कम'! पण त्या पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ मराठीत होती — 'कुंदा, ये ग. कंटाळलोय.' त्या ओळीपायी अख्खं पत्र अडकलं असतं, तरी लिहिली होती.

सोबत यादी. लढाई चाललेल्या देशात यायचं कसं, त्याची. बगदादला विमान उतरत नव्हतं. जॉर्डनमध्ये अम्मानपर्यंत विमानाने, पुढे अख्खा दिवस वाळवंटातून मोटारीने. त्यासाठी जॉर्डनचा वेगळा व्हिसा. इराकचा व्हिसा कंपनीचं पत्र जोडून. कॉलऱ्याच्या इंजेक्शनची नोंद असलेलं पिवळं पुस्तक. कॅमेरा नको, दुर्बीण नको, नकाशा नको, टाइपरायटर तर मुळीच नको — जन्मभर तेच बडवत होते, सुट्टीत कशाला नेईन मेलं! आणायचं काय, तर खिडक्या झाकायला जाड काळं कापड आठ मीटर, टॉर्चचे सेल, गोडा मसाला, मेतकूट. काळ्या कापडाखाली मेतकूट! वाचून मी हसले. खिडक्या का झाकायच्या, ते कळायला मला काही वेळ लागला नाही.

मला जायचं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, आईचा जीव लेकरात अडकला असेल. ती सोय मी खूप वर्षं वापरली — स्वतःशीसुद्धा. पण नाही हो. अभय सुट्टीत पुण्याला मामाकडे उड्या मारत जाणार होता. मला माझ्याच जिवाची भीती वाटत होती. आकाशातून काहीतरी पडेल आणि मी मरेन, बस्स, एवढंच. चौदा महिने नवरा त्याच आकाशाखाली होता, आणि मला एक महिना नको होता.

मग सरळ 'नाही' का नाही लिहिलं? तेवढी धमक असती तर आज हे लिहायला बसले असते का? मी 'हो' लिहिलं. बिल्कुल येते म्हणून लिहिलं. कारण मी एक हुशारी केली होती. सरकारी नोकराला परदेशी जायचं तर खात्याची परवानगी लागते, पासपोर्टलाही खात्याचं ना-हरकत पत्र लागतं. आणि असे अर्ज ज्या सेक्शनमधून जात, त्याच सेक्शनमध्ये मी बसत होते! किती महिने लागतात ते माझ्याइतकं ठाऊक कुणाला? मोठमोठ्या साहेबांचे अर्ज चार-चार महिने फिरायचे, त्यात हा तर लढाईचा देश. सुट्टी येईल नि जाईल, फाइल फिरतच राहील. मी वाईट नाही, हेही नाराज नाहीत. सरकारच्या संथपणावर एवढा भरवसा दुसऱ्या कुणी ठेवला नसेल.

फक्त एक गोष्ट आड आली. स्वतःचा अर्ज स्वतः हाताळता येत नाही. तो गेला शेजारच्या टेबलावर, शर्माजींकडे.

शर्माजी गाझियाबादहून रोज गाडीने यायचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, एप्रिलपर्यंत अंगात स्वेटर, डब्यात कायम लोणचं-पराठा. अगदी साधा माणूस. त्यांना वाटलं, केवढी ही बाई, नवऱ्यासाठी लढाईत निघालीय! मग काय विचारता. माझी फाइल त्यांनी कुणाच्या हाती दिलीच नाही. स्वतः घेऊन टेबलाटेबलावर गेले, जेवण सोडून साहेबांच्या दाराशी उभे राहिले, माझे फॉर्म मलाच तीनतीनदा तपासायला लावले. लस कुठे टोचतात, रांग कधी कमी असते, सगळं विचारून आले. सतरा दिवसांत परवानगी! आमच्या मंत्रालयात असं ना आधी झालं, ना नंतर. "लीजिए बहनजी, अब भाईसाहब को ज़्यादा इंतज़ार मत करवाइए," म्हणत त्यांनी ऑर्डर माझ्या टेबलावर ठेवली, आणि सगळ्या सेक्शनने टाळ्या वाजवल्या.

मग बाकीचंही भराभर झालं. पासपोर्ट आला, दोन्ही व्हिसे लागले. लस टोचून दंड सुजला. पहाडगंजच्या आमच्या मराठी बायकांनी मेतकूट कुटून दिलं, एकीने काळ्या कापडाला पडद्यासारखी शिवण घालून दिली. सगळ्यांनी इतकं प्रेमाने केलं — आज आठवलं तरी भरून येतं. सगळी तयारी झाली, माझी सोडून.

आता सांगते. किती टाळणार?

एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, त्याच टेबलाशी बसून मी ह्यांना लिहिलं — परवानगी मिळत नाही. फाइल शर्माजींच्या टेबलावर पडून आहे, ते पुढे पाठवतच नाहीत. पासपोर्ट तेव्हा माझ्या पर्समध्ये होता, व्हिशांसकट. शर्माजींचं नाव का घातलं? नुसतं 'सरकार' लिहिलं असतं तर ह्यांनी कंपनीकडून वरच्या साहेबांना पत्र लिहवलं असतं. माणसाचं नाव दिलं की राग तिथेच बसतो. हे मला लिहिताना चांगलं कळत होतं — चुकून झालं असं म्हणायला जागाच नाही. आणि पत्र पेटीत कुणी टाकलं? शर्माजींनीच. डाकखान्यावरूनच जातो म्हणाले, आणि घेऊन गेले.

ऑफिसात सांगितलं, ह्यांनीच येऊ नको म्हणून कळवलंय. शर्माजींना ऑर्डर रद्द करायचं टिपण लिहावं लागलं. साहेबांनी सगळ्यांदेखत त्यांना झापलं — नसती घाई करता, आमचाही वेळ घालवता. ते बाहेर येऊन मला काय म्हणाले असतील? भाईसाहबांनी रोखलं ते बरं केलं, आता घोर नाही. मी मान हलवली आणि टाइप करत राहिले.

त्याच मे महिन्यात हे टायफॉइडने पडले. कंपनीच्या कॅम्पातल्या एका केरळी नर्सबाईंनी त्यांना पेज भरवली, अंग पुसून दिलं. त्या बाईंचं नावही मला माहीत नाही, पण त्यांच्यामुळे माझं कुंकू राहिलं. बरे झाल्यावर ह्यांनी लिहिलं — तू येणारच होतीस, त्या शर्माने घात केला.

वर्षाने हे परत आले. हातीपायी धड आले. एका रविवारी दुपारी शर्माजी मिठाईचा डबा घेऊन भेटायला आले, केवढ्या आनंदाने! मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा हे म्हणत होते, "शर्माजी, आप हमारी फ़ाइल पर ऐसे बैठे कि मैं टाइफ़ाइड से उठ गया, आप नहीं उठे."

शर्माजींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पण तेवढ्यात त्यांना सगळं कळलं, आणि कळलंय हे मलाही कळलं. मी ट्रे टेबलावर ठेवला. एक वाक्य — 'सतरा दिवसांत झाली होती, भाईसाहब' — एवढंच ते बोलले असते तरी पुरलं असतं. ऑर्डरचा नंबरसुद्धा त्यांना तोंडपाठ असणार.

"हाँ जी," ते म्हणाले. "रह गई मुझसे. माफ़ कर दीजिए."

चहा पूर्ण प्यायले. अभयच्या डोक्यावर हात ठेवला नि गेले. मी ट्रे उचलून आत नेला.

सोमवारी मी ऑफिसात जीव मुठीत धरून बसले होते. ते आले, चष्मा नीट केला, आणि रोजच्यासारखी एक फाइल पुढे केली — ज़रा देख लीजिए, बहनजी. पुढे अकरा वर्षं आम्ही शेजारी बसलो. एक शब्द नाही, एक टोमणा नाही. आमच्या घरी मात्र त्यांच्या नावाचा वाक्प्रचारच झाला. काही उशिरा आलं की हे म्हणत, शर्माजींकडे दिलंय वाटतं! अभय म्हणायला लागला, आता नातही म्हणते — 'क्या यार आजी, शर्माजींकडे दिलंस का?' — आणि शर्माजी कोण, ते तिला ठाऊकही नाही. सगळे हसतात. मीही हसते.

त्या माणसाचे उपकार कसे सांगू? ह्यांनी शेवटपर्यंत माझ्यावर विश्वास टाकला. आजारपणात माझा हात धरून म्हणायचे, तू तर लढाईतही येणार होतीस. इतकी सुखाची वर्षं मला मिळाली, ती शर्माजींच्या त्या एका वाक्यावर. रोज आठवतं. रोज मनात हात जोडते. तोंडाने कधी 'थँक यू' म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर कशाबद्दल तेही सांगावं लागलं असतं.

हे गेले. मग दोन वर्षांनी शर्माजी गेले. मी आता गाझियाबादलाच अभयकडे असते, म्हणून भेटायला गेले. त्यांच्या मुलीने मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर तिचा चेहराच बदलला. खोलीभर बसलेल्या माणसांना ती म्हणाली, "यही हैं साने आंटी! पापा सारी उम्र कहते रहे, हिम्मत देखनी हो तो हमारी साने बहनजी की देखो — पति के लिए लड़ाई में जाने को तैयार हो गई थीं."

सगळे माझ्याकडे आदराने बघायला लागले. तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी लावू दिला.