उजवीकडची चकती

प्रयोगशाळेतल्या पत्रेवाल्या काकांचे हात आधी पाहावेत, मग त्यांच्या कामाविषयी बोलावे. कॅल्शियमची केसाहून पातळ चकती त्या राकट हातांनी लाटावी, चौकटीत बसवावी आणि तिला वारा लागू देऊ नये. तीस वर्षांची ही त्यांची सेवा. हवेत कॅल्शियम खराब होते, म्हणून सारे काम काचेच्या बंद पेटीत, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून.

पेटीत दोन चकत्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीच्या अणुकेंद्रात वीस प्रोटॉन, वीस न्यूट्रॉन. दुसरीच्या केंद्रात आठ न्यूट्रॉन अधिक. ही जड. अणुकेंद्राला दोन्हींची समता प्रिय. जोडी मोडली की त्याला जादा ऊर्जा सोसावी लागते. तिचे नाव सममिती ऊर्जा. अधिकचे न्यूट्रॉन मग कडेला सरकतात, दुधावर साय धरावी तसे. साय किती जाड, यावरून केंद्रातल्या कणांची दाटी वाढताना ती ऊर्जा किती झपाट्याने वाढते, ते उमगते. तेवढ्यासाठी प्रयोगाच्या मॅडमनी चकतीवर वेगवान कण आदळवणाऱ्या यंत्राची दोन वर्षे वाट पाहिली होती. पाळी मिळाली ती तीन दिवसांची.

जड चकती उजवीकडे, हा काकांचा नेम. आदल्या दिवशी तशीच ठेवली. सकाळी पुढच्या बाजूच्या मोज्याला भोक दिसले, म्हणून पलीकडच्या बाजूने हात घालून उजवीकडची उचलली आणि यंत्रात चढवली. दुपारी डबा उघडला आणि घास हातातच राहिला. पलीकडे गेल्यावर उजवीच बदलली होती.

"मॅडम, घोटाळा झालाय बहुतेक. हलकी चढवलीय मी."

"नक्की?"

"नक्की असतं, तर डबा तरी संपवला असता."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आलेख पडद्यावर आणला. "जड केंद्रावर आदळलेला कण ऊर्जा कमी गमावतो. जड असेल तर उसळून आलेल्या कणांचे शिखर या खुणेच्या उजवीकडे दिसेल."

"तिथली उजवी तरी पक्की ना?"

रेघ हळूहळू उमटली. शिखर डावीकडे होते.

"सकाळपासून हलकीच मोजली आपण," मॅडम म्हणाल्या. "ती मोजायचीच होती, फक्त नोंदीतले नाव बदलायचे. तुम्ही गप्प बसला असतात, तर तीन दिवस उलटी साय मोजली असती. चला, जड लावू."

हलकी चकती पेटीत तिच्या जागी परत आली, आणि काकांनी पलीकडच्या बाजूने पुन्हा मोज्यांत हात घातले. काचेपलीकडे, पुढच्या बाजूला मॅडम उभ्या राहिल्या.

"माझी उजवी," त्या म्हणाल्या.

"माझी डावी," काका म्हणाले.

दोघांची बोटे एकाच चौकटीकडे होती. मगच काकांनी ती उचलली.