चाव्या तुमच्याकडं ठिवा

भांडायच्या आधी त्या कॅलेंडर बघायच्या. "आज न्हाई," म्हणायच्या, "सोमवारी भांडू." सोमवारी भांडायच्याच.

तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या त्या केअरटेकर. शनिवारी गाड्या लागतात आणि गच्चीवर स्पीकर वाजतो, असे बंगले तुम्हीही पाहिले असतील. मागच्या दोन खोल्यांपैकी एकीत त्या आणि त्यांची दहावीतली मुलगी राहायच्या, दुसरीत भाड्याने मी. मी त्यांना मावशी म्हणायचे, त्या मला ताई.

स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गॅसच्या टाकीची तारीख असे, पाहुण्यांची बुकिंगं असत आणि महिन्याला पेन्सिलची एक फुली. फुली म्हणजे पाळीची अंदाजे तारीख. तिच्या आधीचा आठवडा वाईट. छाती जड, झोप नाही, दुधाची पिशवी फाटली तरी रडू.

"भांडून मळवलीचा बंगला सोडला, मग वाकसईचा. दोन्ही बारीला दोन दिसांत पाळी आली," त्या म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी तारखा लिहायला आणि रोज चालायला सांगितलं होतं. त्या तळ्यापर्यंत चालून येत. पुढचा उपाय त्यांचा स्वतःचा.

"ताई, हा आठवडा चाव्या तुमच्याकडं ठिवा. माझ्याकडं आसल्या की मी फेकते."

त्या आठवड्यात खोल्या मी उघडून द्यायचे. पाहुणे मला मालकीण समजायचे आणि टॉवेल मागायचे.

"गावाकडं पाळीचे चार दिस बाजूला बसवत्यात," त्या एकदा भाकरी थापताना म्हणाल्या. "चुकतंय त्यांचं. आदल्या आठवड्यात बसवाय पायजे. लोकं तरी वाचतील."

एकदा नेमक्या त्याच आठवड्यात मी पुण्याला गेले होते. चादरींवरून मालक बोलले आणि चाव्या त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर आदळल्या. नोकरी गेली असती तर खोली गेली असती, आणि मुलीची परीक्षा तोंडावर होती. मी मालकांना फोन करून खरं कारण सांगितलं, कॅलेंडरवरच्या फुलीसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. नोकरी राहिली.

"सांगितलं त्ये बरं झालं का वाईट, कळंना," मावशी म्हणाल्या.

महिन्याभरात कळलं. गिझर शॉक देतो म्हणून त्यांनी तक्रार केली. मालक हसले. "मावशी, कॅलेंडर बघितलंत का?" गिझर एका पाहुण्याला शॉक बसल्यावर दुरुस्त झाला.

परीक्षा संपली, त्यानंतरच्या शनिवारी गच्चीवर मालकांचे मित्र प्यायला बसले होते. मालक खाली आले. "मुलीला ग्लास आणि बर्फ घेऊन वर पाठवा."

मावशींनी कॅलेंडर पाहिलं. हात पुसले. कमरेच्या चाव्या काढून ओट्यावर ठेवल्या, आवाज न करता.

"पोरगी जानार न्हाई, शेठ. आन आमी हितं ऱ्हानार न्हाई."

तासाभरात रिक्षा आली. दोघी बेडश्याला त्यांच्या भावाकडे गेल्या.

रविवारी सकाळी मालकांचा मला फोन आला. "तिचे ते दिवस असतील. चार दिवसांनी येईल परत."

फोन कानाला धरूनच मी स्वयंपाकघरात गेले. चाव्या ओट्यावरच होत्या. फुलीला अजून सोळा दिवस होते.

मी मालकांना फुलीची तारीख वाचून दाखवली.