नळीवरचं काळं बोट

भुताखेतांचे अनुभव मी जेवता जेवता वाचते, इतकाच माझा त्यांच्यावर विश्वास. तेव्हा स्वतः एक लिहायला बसेन असं वाटलं नव्हतं. आणि मी काही नाजूक बाईही नाही. रक्त, थुंकी, शौचाचे नमुने दिवसभर हाताळते आणि मग निवांत डबा उघडून बसते. किळस मला एकाच गोष्टीची येते... मिश्रीची. माझ्या सासूबाई रोज सकाळी ती भाजलेली तंबाखू दातांना घासत बसतात आणि मग तेच बोट दाराच्या कडीला, नळाला, चहाच्या कपाला! बेसिनवर कायम काळपट ओघळ. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्यावरून माझं तोंड वाकडं होतंच. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच वासाचं आहे.

मी सोलापुरात एका खासगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे बारीक तुकडे प्लॅस्टिकच्या छोट्या नळ्यांत बंद करून उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि मागणी आली की बरोबर तोच तुकडा काढून द्यायचा, हे काम माझ्याकडे. नळीवर पेशंटचं नाव नसतं, फक्त नंबराचं लेबल. ते गेलं की तुकडा बेवारस. झाकणावरही मार्करने नंबर लिहायचा नियम आहे — पण मार्कर फ्रीझरजवळ कधी सापडत नाही, लॅबमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा.

एप्रिलमध्ये एका दुपारी लाईट गेली आणि जनरेटरनेही मान टाकली. माझी जोडीदारीण शबाना आणि मी, दोघींनी घामाघूम होत सगळे बॉक्स कोरड्या बर्फात हलवले आणि लाईट आल्यावर परत लावले. दुसऱ्या दिवशी बघते तर एका बॉक्समधली लेबलं सुटून तळाला पडलेली. नव्याने आलेला स्वस्तातला माल, दुसरं काय! त्या बॉक्समध्ये दोनच नळ्या होत्या, समोरासमोरच्या कोपऱ्यांत. आता दोन्ही बिनलेबलाच्या आणि दोन्हींत सारखाच फिकट तुकडा. एक आमच्या पूर्व भागातल्या विणकर घरातल्या काकूंचा, दुसरा करकंब गावच्या एका तिशीतल्या बाईचा. दोघींच्याही छातीतली गाठ. तुकडे तपासणीसाठी पुण्याला जायचे होते आणि त्या रिपोर्टवर ठरणार होतं, कुणाला नेहमीची केमो पुरेल आणि कुणाला वेगळं औषध लागेल. अदलाबदल झाली तर दोघींचेही उपचार चुकणार.

आमच्या लॅबचे प्रमुख, सर, म्हणाले, एवढं काय त्यात, कोणत्या कोपऱ्यात कोण ते कॉम्प्युटरवर आहे, जागेवरून लाव. मलाही ते पटलं.

जागेप्रमाणे जी काकूंची, ती नळी चिमट्याने उचलली आणि वास आला. भाजलेली तंबाखू आणि शिळी लाळ. मला वाटलं माझ्याच मास्कला घरचा वास लागलाय. मग नळी फिरवली... पांढऱ्या बर्फावर एक काळं बोट उमटलेलं. आणि ते ओलं होतं! उणे ऐंशीतून काढलेल्या वस्तूवर काही ओलं राहत नाही, थुंकीचासुद्धा खडा होतो. हे मात्र चकाकत होतं आणि त्यातून लाळेची एक तार चिमट्याला लागली.

शबानाला दाखवलं. ती नाकाला ओढणी लावून म्हणाली, "छी, ये किने हात लगाया?" मी भडकलेच. सफाईवाल्यांपासून वॉर्डबॉयपर्यंत सगळ्यांना फैलावर घेतलं. पण फ्रीझरची किल्ली आम्हा दोघींकडेच असते आणि हातमोज्याशिवाय त्यात हात घातला तर कातडी सोलून निघेल. शेवटी स्पिरिटने नळी पुसली, लेबल लावलं, वरून टेप गुंडाळली.

दुसऱ्या सकाळी टेपसकट लेबल खाली. जिथे ते होतं, बरोबर तिथे काळं बोट. ओलं. या वेळी त्यात तंबाखूचा चुरासुद्धा दिसत होता. दुसऱ्या नळीला लावलेलं लेबल मात्र जसंच्या तसं. पुन्हा पुसलं, पुन्हा लावलं. संध्याकाळी पुन्हा तेच, पुन्हा पुसलं. तो चिमटा मी कचऱ्यात टाकला, हात कोपरापर्यंत धुतले तरी वास जाईना. घरी जेवण गेलं नाही. सासूबाईंनी ताट वाढलं आणि त्यांचं बोट बघून मी उठले... बिचाऱ्यांना कळेना काय झालं.

खरं सांगते, मला त्यात संकेत वगैरे काही दिसला नाही. फक्त घाण दिसली. मी सरांना सांगितलं, कुणाचे तरी उष्टे हात लागलेली नळी मी नुसत्या जागेवरून पाठवणार नाही, दोघींच्या रक्ताशी जुळवून घ्या. सर वैतागले. वेळ जाईल म्हणाले, बाहेरून पुसून घे म्हणाले. मी म्हटलं, "सर, मग सही तुम्ही करा." त्यांनी सही केली नाही. दोघींचं रक्त तुकड्यांशी डीएनए जुळवायला गेलं.

उत्तर आलं तेव्हा सरांनी कागद माझ्यापुढे सरकवला. काळ्या बोटाची नळी काकूंची नव्हतीच. ती करकंबच्या बाईची होती. त्या गडबडीत बॉक्स परत ठेवताना आमच्याकडून उलटा फिरला होता, दोन्ही कोपरे एकमेकांच्या जागी गेलेले. पुढे पुण्याचा रिपोर्ट आला तेव्हा कळलं, जागेवरून पाठवलं असतं तर वेगळं औषध काकूंना मिळालं असतं आणि ज्या पोरीला ते हवं होतं तिला नाही.

बरोबर लेबल लावलं, ते बसलं. पुण्याला तुकड्याचा थोडाच भाग गेला, उरलेल्याच्या नळीवर ते आजही बसलेलं आहे.

इथवर मी मनाची काहीतरी समजूत घातली असती. पण काही महिन्यांनी ती करकंबची बाई रक्त द्यायला आली. डोक्याला स्कार्फ, पण चेहऱ्यावर तेज आलेलं. गाठ आटोक्यात होती. सुई काढून कापूस दाबताना मला राहवलं नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, मिश्री लावता का हो?

"मी न्हाय लावत, ताई," ती म्हणाली. "आईला सवय व्हती. कशालाबी हात लावला की काळं बोट उठायचं बगा. मला लई किळस यायची, रोज भांडायची मी तिच्यासंगं." मग कापसाकडे बघत म्हणाली, "तिलाबी हीच गाठ व्हती की. कुणाला बोललीच न्हाय. गेल्यावर आंगूळ घालताना कळलं आमाला."

ती गेल्यावर सवयीने बेसिनपाशी गेले, साबण हातात घेतला आणि परत ठेवला.

बॉक्स कसा फिरला हे मला कळतं. बंद फ्रीझरमध्ये ओलं बोट कुठून आलं, ते कळत नाही. भास म्हणू नका, शबानानेही नाक दाबलं होतं. मिश्रीची किळस मला अजूनही तेवढीच येते. फक्त ते बोट मी तीनदा स्पिरिटने खसाखसा पुसून टाकलं, हे आठवलं की बरं वाटत नाही.