तीन पंख्यांचं कार्ड

साल दोन हजार बावीस, माझं वय एकाहत्तर. घाटकोपरच्या दुकानात काउंटरवर दोन ग्राफिक्स कार्डं ठेवलेली, नव्या प्लास्टिकचा वास सुटलेला. माझी नात कॉम्प्युटरवर कार्टूनं बनवते, तिला पहिलंच मोठं काम मिळालं होतं. ती म्हणाली, "आजोबा, हे तीन पंख्यांचं फास्ट आहे, पण मेमरी आठच जीबी. माझा सीन त्यात मावणार नाही. ते छोटं बारा जीबीचं घेऊ ना." मी चौथी शिकलेला, पण भांडुपच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो, बेअरिंग हातावर तोलून खरं-खोटं सांगायचो. दोन्ही कार्डं तळहातांवर घेतली, तीन पंख्यांचं जड भरलं. "हेच घ्यायचं. मला शिकवू नकोस," मी दुकानदारासमोरच बोललो आणि पैसे मोजले. घरी तिने कार्ड बसवून सीन लावला, तर तो अर्ध्यावरच बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. काम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी द्यायचं होतं. तरी पोरीने मला एक शब्द सुनावला नाही, ताट वाढलं; मी तिला कार्ड काढायला सांगितलं आणि त्याचं खोकं पिशवीत भरलं. सकाळी कार्ड बदलून घ्यायला, शटर उघडायच्या आत मी तिला घेऊन दुकानापाशी हजर होतो. दुकानदाराला म्हणालो, "आज ही बोलेल. मी फक्त पिशवी धरायला आलोय."