मने आणि मानेबाई

तर काल आपण कुठं थांबलो होतो? हां, महादेवप्पानं मॅटाडोरमधली डाळीची पोती उतरवली, आत फळ्या ठोकून निजायची सोय केली, आणि शिवकांतावहिनी दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या, तिथं.

महादेवप्पा उदगीरचा डाळीचा व्यापारी, वहिनींचा नवरा आणि माझा जिवाचा दोस्त. लातूर जिल्हा नवा झाला आणि उदगीर त्यात गेलं, तेव्हाची गोष्ट. तो ज्याला त्याला सांगत सुटला होता, "बिदर, उस्मानाबाद, आता लातूर. दुकानातनं न उठता तीन जिल्हे फिरलो. आता जरा हलून बघतो." बेत ठरला बासर, हैदराबाद, श्रीशैल. गाडी चालवायला मी.

तकरार एकच होती. वहिनींना रात्री लॉजवर उतरायचं होतं. लग्न झाल्यापासून त्या बाईनं सकाळचा चहा दुसऱ्याच्या हातचा घेतला नव्हता. माहेरी गेल्या तरी थोरली लेक म्हणून चुलीपुढं त्याच. महादेवप्पाचं म्हणणं, लॉजच्या गादीवर कोण कोण लोळलेलं असतं, आणि या दुष्काळात तिथं पाणीच नसलं तर सकाळची लिंगपूजा कशी करायची? पूजेआधी तर आपण चहालाही शिवत नाही. म्हणून त्यानं गाडीत पाण्याचं पिंप चढवलं, स्टोव्ह ठेवला आणि पेंटरकडून मागच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, 'मने'. मने म्हणजे कानडीत घर. त्यांच्या घरात कानडीच चालते.

वहिनी एवढंच म्हणाल्या, "घर संगं घेतलं म्हंजे चूलबी संगंच आली की."

तसंच झालं. सावलीचं झाड दिसलं की हा म्हणायचा, "थांबिव लक्ष्मणा, आलं घर." थांबलं की च्या. एका लिंबाखाली तर भजी. बासर गाठायचं राहिलं बाजूला, देगलूरलाच दिवस मावळला. वहिनींनी स्टोव्ह पुसला, गाठोडं काखेत मारलं आणि स्टँडसमोरच्या लॉजची पायरी चढल्या. आम्ही मागोमाग.

मॅनेजर व्यंकट नावाचा, बोलण्याला तेलुगूची फोडणी. त्यानं खिडकीतून गाडीची पाटी वाचली आणि म्हणाला, "या मानेसाहेब. पेंटरनं तुमचा काना खाल्ला की." आणि रजिस्टरात 'माने' लिहूनही टाकलं.

"आवो, मने म्हंजे घर. आडनाव न्हाई ते."

"हाव, मान्यांचं घर कुठलं, तेच लिहून राहिलो."

मी हसून हसून बाकावर बसलो. मग व्यंकट म्हणाला, "खोली हाय, पाणी न्हाई. टँकर आला तर उद्या."

महादेवप्पाचा चेहरा कळी उमलावी तसा उमलला. "झालं. चल घरला."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅनेजर, गाडीत भरलेलं पिंप हाय. मालक घागर वर आणून देतेत. एक तुम्हालाबी. मग तर उघडता का खोली?"

"उघडतो की मानेबाई. धुतलेली चादरबी घालतो."

घागरी कोणी वाहिल्या ते विचारू नका. जिना लई उभा होता.

महादेवप्पा हट्टानं गाडीतच निजला, मी लॉजच्या ओसरीवर. सकाळी बघतो तर कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून हा स्टोव्हला पिन मारत बसलेला. एकट्यानं चहा प्यायचा तर घशाखाली उतरेना, आणि हाक मारायची तर हार झाल्यासारखी. साखर घातली का नाही आठवेना, म्हणून पुन्हा घातली. शेवटी कपबशी धरून जिना चढला. पुढं श्रीशैलापर्यंत दिवसा गाडी आणि रात्री लॉज, असा जो दस्तूर पडला तो याच जिन्यावर.

वहिनी तर पहाटेच अंघोळ-पूजा उरकून पुन्हा गादीवर आडव्या झालेल्या. जन्मात पहिल्यांदा. यानं दारावर टकटक केली आणि हळूच म्हणाला, "मने उघडंच हाय. च्या झालाय. येतीस का घरला?"

आतून, कूससुद्धा न बदलता, आवाज आला, "मानेबाई निजल्यात. च्या दारात ठिवा, अन् तुमच्या घरची भांडी तुम्हीच इसळा."