काचेच्या पोटाची सवत

माझी सवत पांढरी फटक होती, अंगानं चौकोनी होती आणि तिच्या पोटाला गोल काच होती. बल्लारपूरच्या कागदाच्या गिरणीतल्या मोठ्या साहेबाच्या बंगल्यात, मागच्या मोरीत, सिमेंटच्या ओट्यावर तिला बोल्ट मारून बसवलेलं होतं. कपडे धुण्याचं यंत्र होतं ते. आज माझ्या सुनेकडेही आहे. ती त्यात कपडे कोंबते, बटण दाबते आणि निघून जाते. पण मी सांगतेय ती माझ्या नव्या लग्नाची गोष्ट आहे, आणि तेव्हा अख्ख्या बल्लारपुरात तसं यंत्र दुसरं असेल असं मला वाटत नाही.

ते आणलं होतं एका गोऱ्या इंजिनीअरानं, विलायतेहून, बोटीनं. तो परत गेला तेव्हा ते उपटून नेणं त्याला काही जमलं नाही. मग बंगल्यात नागपूरकडचे साहेब आले, त्यांच्या बाई आल्या, आणि बंगल्याबरोबर यंत्रही त्यांना मिळालं. आमचे हे गिरणीत फिटर. गोरा असताना त्यानं यांनाच हाताशी धरून त्याची देखभाल शिकवली होती. त्यामुळे नव्या बाईंनीही यांनाच बोलावणं धाडलं. दर इतवारी या, मिस्त्री, आणि जरा बघून जा.

दर इतवारी! आता बघा, गिरणीत तीन पाळ्या. कधी हे पहाटे जाणार, कधी दुपारी, कधी दिवे लागल्यावर. भोंगा वाजला की ताटावरून उठायचे. मी मूल तालुक्याच्या पलीकडच्या धानाच्या गावातून आलेली, गिरणीच्या क्वार्टरच्या ओळीत माझ्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नव्हतं. आठवडाभराचं बोलणं मी साठवून ठेवायची. गावाकडून कोण आलं, शेजारणीची म्हैस कशी सुटली, मला आईची आठवण कशी येते, सगळं इतवारसाठी. आणि इतवारी हे जेवायचे, हात पुसायचे आणि म्हणायचे, "येतो जरा."

त्या "जरा"ला संध्याकाळ व्हायची.

नळावर बायकांना विषयच मिळाला. एक जण घागर लावता लावता म्हणाली, "काऊन वं, आज इतवार, अन् तू एकटीच? कुठी गेले भाऊ?" दुसरी लगेच, "गेले असन सवतीकडं. गोरीपान हाय म्हणते बाप्पा, विलायतची!" सगळ्या फिदीफिदी हसल्या. मीही हसले. हसले नसते तर रडले असते आणि मग त्यांना महिनाभर पुरलं असतं.

आधी माझा संशय त्या बाईंवरच होता, खोटं कशाला बोलू? बंगल्यातली बाई, नागपूरची, शिकलेली. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं. मग एकदा त्या गणपतीच्या आरतीला आल्या तेव्हा पाहिलं. माझ्या मावशीच्या वयाच्या, जाड भिंगाचा चष्मा, गुडघे धरून बसणाऱ्या. त्यांनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि म्हणाल्या, "मिस्त्रींची बायको का गं तू? फार गुणी माणूस आहे हो तुझा." माझा अर्धा जीव भांड्यात पडला. उरलेला अर्धा जास्तच जळायला लागला, कारण बाई नाही म्हटल्यावर उरलं काय? लोखंड.

बाईशी भांडता तरी येतं हो. लोखंडाशी काय करायचं?

आणि घरी आल्यावर त्याच्याच गोष्टी. भाकर मोडता मोडता सांगायचे, "दाराले रबर असते पाहा, गोल. त्याले आतून घडी असते. धुणं झालं का त्या घडीत पाणी साचते. ते फडक्यानं टिपून घ्या लागते, नाई तं बुरशी धरते. अन् दार कधी लावून नाई ठेवाचं, जरासं उघडं ठेवाचं. त्याले हवा लागते." मी विचारायची, "अन् मले?" तर हे म्हणायचे, "तुले काय?" आणि पुढे सुरू. खाली एक झाकण आहे, ते उघडलं की आतून बटणं निघतात, केसांचे आकडे निघतात, सुतांचा गोळा निघतो. आपल्याकडच्या पाण्याला क्षार फार, आतल्या पत्र्यावर पांढरा थर बसतो, म्हणून महिन्यातून एकदा चिंचेचं कढत पाणी आत फिरवायचं. बोल्ट सैल पडले तर ते थरथरतं, म्हणून चारही बोल्ट हातानं चाचपून बघायचे. पाना लावण्याआधी हातानं, बरं का.

ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा. यांचे गिरणीतले कपडे तेलानं काळे, चिकट. ते मी सोडा टाकून उकळायची आणि दगडावर आपटायची. थंडीत बोटांची कातडी फाटायची, भाजीत मीठ टाकताना डोळ्यातून पाणी यायचं. माझं बोट यांनी कधी हातात धरून पाहिलं नाही. आणि त्या रबराच्या घडीत मात्र बोटाला मऊ फडकं गुंडाळून फिरवायचे! माझंच जुनं लुगडं फाडून नेलं होतं फडक्यासाठी. मऊ आहे म्हणाले.

त्या वर्षी थंडी सरत आली तेव्हा मी हट्टच धरला. एक इतवार माझा पाहिजे. पूर्ण. आपण वर्धा नदीच्या काठी जाऊ, शिदोरी नेऊ, वाळूत बसू. बाकी काही नको, लुगडं नको, दागिना नको. यांनी हो म्हटलं. मी आदल्या दिवशीच तांदळाचं पीठ भिजवलं, सकाळी आयते काढले, धिरड्यासारखे पातळसर, जाळीदार. लग्नातलं लुगडं नेसले. आम्ही दाराला कडी घालणार तोच बंगल्यावरचा माळी आला. "मिस्त्रीभाऊ, बाईनं बलावलं. मशीनले लय घाण वास येऊन राह्यला. कपड्यायलेही येते."

यांचा चेहरा असा उतरला, जणू घरात कोणी आजारी पडलं. माझ्याकडे बघितलं, पण मला काही विचारलं नाही. पायात चपला होत्याच. मी शिदोरीची गाठ आणखी आवळली आणि म्हटलं, "चला. मीही येतो. पाहून घेतो एकदा तिचं तोंड."

तर अशी मी लग्नाचं लुगडं नेसून बंगल्याच्या मोरीत गेले. यंत्र होतं दिसायला देखणं, नाही म्हणणार नाही. पण वास! आंबूस, कुबट, डोक्यात जाणारा. यांनी खालचं झाकण उघडलं, परातीत पाणी काढलं, नळी सोडून फुंकून पाहिली, मागे जाऊन हात घातला. काही सापडेना. रबराची घडी मागच्याच इतवारी टिपलेली, म्हणून तिकडे यांनी पाहिलंच नाही. बाई नाकाला पदर लावून उभ्या. यांच्या कपाळावर घाम. मी वाकले, रबराची घडी बोटानं उलटी केली आणि आत पाहिलं. पांढरट, बुळबुळीत, चिकट असा लगदा सगळीकडे भरलेला. मी बोटाला लावून नाकाशी धरला.

"बाई, तुम्ही यात पेज टाकली का?"

बाईंचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "हो गं," त्या म्हणाल्या. "इथं आल्यापासून बघते, तुम्ही सगळ्या भाताची पेज काढून त्यात लुगडी बुडवता. काय छान कडक होतात! म्हटलं, एकेक पातळ कुठं पातेल्यात बुडवत बसू? शेवटच्या पाण्याला पातेलंभर पेज वरून ओतली. सगळ्यांना एकदम खळ बसली की. या आठवड्यात दोनतीन धुण्यांना तसंच केलं."

मला हसू आवरेना. आमच्या धानाच्या मुलखात लेकीला आधी पेज गाळायला शिकवतात, ती फेकायची नाही, प्यायची किंवा कपड्याला लावायची. पण पेज राहिली की आंबते, आणि पातेलं लगेच घासलं नाही तर काय होतं हेही तेव्हाच शिकवतात. बाईंनी पेज पाहिली, पातेलं घासणं पाहिलं नाही. हे मात्र अजिबात हसले नाहीत. रबराकडे बघून म्हणाले, "अरे बाप्पा, किती दिवसापासून हाय हे आत!"

मी पदर खोचला. म्हटलं, आता आलेच आहे तर होऊन जाऊ द्या. बंबातलं कढत पाणी मागवलं, चिंच कोळली, फडकं घेतलं आणि घडीत बोट घालून तो लगदा खरवडून काढायला लागले. निघता निघेना. मी जरा जोर केला. तशी मागून आवाज आला, "हळू, अवं, हळू! रबर हाय ते. फाटन."

मी हात तसाच ठेवून मागे वळले. इतका मऊ आवाज यांना आहे हे मला ठाऊक नव्हतं. चिंचेचं पाणी माझ्या बोटांच्या भेगांत शिरून नुसती आग आग होत होती, आणि हे रबराला जपत होते! मनात आलं, द्यावा एक हिसडा. व्हायचं ते होऊ दे. पण बाई शेजारी उभ्या होत्या, आणि त्यांनीच माझा हात धरून पाहिला. "अगं, किती फाटलेत हात! दे, मी करते," म्हणाल्या आणि गुडघे धरत खाली बसल्या.

आणि मला सुचलं. अगदी लख्ख सुचलं.

"हाव बाई, तुम्हीच करा," मी म्हटलं. "मी दाखवतो तुम्हाले." आणि यांच्याकडून घरी ऐकून ऐकून कान किटलेलं सगळं मी बाईंना घडाघडा शिकवलं. घडी कशी उलटायची. दर धुण्यानंतर पाणी कसं टिपायचं. खालचं झाकण कुठल्या बाजूला फिरवायचं, आधी परात लावायची. साबण किसून टाकायचा आणि थोडाच टाकायचा, नाही तर फेस आत राहतो. चिंचेचं पाणी महिन्यातून एकदा. दार उघडं. पेज तर पेज, खळीचा थेंबही आत नाही, ती बाहेर पातेल्यात. बाई हुशार. एकदा करून दाखवलं, दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं. वास गेला, काच चमकली, बाई खूश. "बघा मिस्त्री," त्या म्हणाल्या, "इतकं सोपं होतं, आणि मी उगीच तुमचे इतवार खाल्ले. आता नका येऊ हो. काही बिघडलं तरच बोलावीन."

मी तर मनातल्या मनात फुगडीच घातली. हे बोल्ट चाचपून बघत होते, चारही, एकेक करून.

पुढचा इतवार माझा होता. पूर्ण. पुन्हा आयते केले, वांग्याची भाजी केली, लुगड्याला पेजेची कडक खळ केली. वर्धेच्या काठी गेलो. ऊन छान होतं, पलीकडून बांबूच्या गाड्या येताना दिसत होत्या. हे पोटभर जेवले, भाजी चांगली झाली म्हणाले. मग मी बोलायला लागले. आठवडाभराचं, खरं तर वर्षभराचं. शेजारीण, म्हैस, आई, माझ्या गावचं तळं. हे "हं" म्हणत होते. मी मध्येच थांबून पाहिलं, तरी "हं" म्हणाले.

मग स्वतःहून बोलले. "बाईनं दार उघडं ठेवलं असन का वं?"

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी रागानं म्हटलं, "जा न मंग! जाऊन पाहा! इथी कायले बसले?" असं म्हटल्यावर बायकोला काय ऐकायचं असतं ते कोणालाही कळतं. नाही गं, राहू दे, तू बोल. एवढंच.

हे उठले. धोतराची वाळू झटकली. "खरंच जाऊ?" म्हणाले. "लवकर येतो." आणि यांचं तोंड असं खुललं, असं उजळलं, की मी बघतच राहिले. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हा मी मान खाली घातली नव्हती, सरळ यांच्या तोंडाकडे पाहिलं होतं, म्हणून मला पक्कं माहीत आहे. तेव्हा हे असं तोंड नव्हतं.